मराठवाड्यात बाग करून घेताना गुत्तेदार कसा निवडावा

पुण्या-मुंबईहून बदली होऊन संभाजीनगर, लातूर, नांदेडला आलेली माणसं घर घेतात, समोरची मोकळी जागा बघतात आणि एखाद्या रिसॉर्टच्या लॉनचा फोटो मोबाईलमध्ये जपून ठेवतात. मग कुणाला तरी फोन होतो, पिकअप भरून झाडं येतात, गवत अंथरलं जातं. दिवाळीपर्यंत सगळं छान दिसतं. एप्रिल लागला की नळाचं पाणी लांबतं, टँकरचे भाव चढतात आणि मे संपता संपता अंगणात वाळलेलं गवत आणि काड्या उरतात. दर वेळी यात फसवणूकच असते असं नाही. मालकानं पाण्याचा विषय काढलेला नसतो आणि काम घेणाऱ्या गुत्तेदारानंही, म्हणजे ठेकेदारानंही, तो टाळलेला असतो.

नव्यानं इकडे आलेल्यांसाठी आणि पहिल्यांदाच स्वतःचं अंगण करून घेणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. मराठवाड्यात बाग करणारा माणूस उन्हाळ्यावरून पारखायचा, एवढंच माझं म्हणणं आहे. त्यानं दोन वर्षांपूर्वी लावलेली झाडं मे महिन्यात कशी उभी आहेत ते आधी बघा. त्याचे फोटो, त्याचं व्हिजिटिंग कार्ड, त्याचा भाव हे सगळं नंतर.

पहिली पायरी: कुणाला बोलावण्याआधी पाण्याचा हिशेब

आपल्याकडे वर्षाकाठी साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो; बीडकडे कमी, नांदेड-हिंगोलीकडे जरा जास्त. पण तो चार महिन्यांत येतो, मध्ये मोठे खंड देतो आणि काही वर्षी दगाच देतो. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात बाग करायची तर आपल्याकडे मे महिन्यात रोज किती लिटर पाणी शिल्लक राहतं, हा आकडा आधी हातात हवा. नळ किती दिवसांआड येतो, किती वेळ येतो, बोअर उन्हाळ्यात आटतो का, टाकी किती लिटरची आहे, हे शेजाऱ्यांना विचारून लिहून काढा. घर नवीन असेल तर शेजाऱ्यांचा अनुभव हाच तुमचा अनुभव.

आता लॉनचं गणित मांडू. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कडक उन्हाळ्यात लॉनला दर चौरस मीटरला रोज निदान ५ लिटर धरा. ५०० चौरस फूट म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. म्हणजे रोजचे २३० लिटर आणि महिन्याचे जवळजवळ ७,००० लिटर, फक्त गवतासाठी. ५,००० लिटरचा एक टँकर तीन आठवड्यांत संपला. तेवढ्याच जागेत ड्रिपवर चाळीस झुडपं लावली आणि दिवसाआड प्रत्येकी ४ लिटर दिलं, तर रोजचे ८० लिटर पुरतात. लॉन करूच नका असं मी म्हणत नाही. लेकरांना खेळायला, संध्याकाळी बसायला दोन-अडीचशे फुटांचा तुकडा जरूर ठेवा. पण पूर्ण अंगणभर गवत मागायच्या आधी हा हिशेब करा.

जमेची बाजूही मांडा. १,००० चौरस फुटांच्या स्लॅबवर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ६५,००० लिटर पाणी पडतं. वाया जाणारं धरूनही ५०,००० लिटर बोअरच्या पुनर्भरणाला किंवा जमिनीखालच्या टाकीला मिळू शकतं. बाग करणाऱ्याशी बोलताना हे पाइप कुठून जातील ते त्याच वेळी ठरवा. फरशी बसल्यावर खोदकाम दुप्पट महाग पडतं.

बोअरचं पाणी असेल तर ते तपासून घ्या, सोबत मातीही. कृषी विज्ञान केंद्रांत ही सोय असते. जालन्यात खरपुडीला, हिंगोली जिल्ह्यात तोंडापूरला, धाराशिव जिल्ह्यात तुळजापूरला केंद्रं आहेत, आणि परभणीला तर वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठच आहे. अहवालात पाण्याचा ईसी म्हणजे क्षारांचा आकडा बघा. तो २.२५ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर नाजूक झाडं विसरा. मातीचा सामू (पीएच) ८ च्या आसपास आणि चुनखडीचं प्रमाण जास्त, हे आपल्याकडे नेहमीचं आहे. अशा मातीत अनंत, एक्झोरा यांची नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, कारण लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. कोकणातल्या मावशीच्या अंगणात जे फुललं ते इथं फुलेलच असं नाही.

दुसरी पायरी: नेमकं कोण हवं आहे ते ठरवा

‘लँडस्केपिंग करतो’ असा बोर्ड लावणारे इथं चार प्रकारचे असतात. एक माळी: हात चांगला, झाडांची जाण पक्की, पण पेव्हर ब्लॉक आणि उतार हे त्याचं काम नव्हे. दुसरा नर्सरीवाला: झाडं त्याची, त्यामुळे दुकानात जे जास्त आहे तेच तुमच्या अंगणात जास्त लावायचा मोह त्याला होतो. तिसरा बांधकामाचा गुत्तेदार, जो फरशी, कट्टा, कारंजं चांगलं करील आणि झाडं शेवटच्या दिवशी कुठूनतरी आणून खोचील. चौथा खरा बागेचा ठेकेदार, ज्याच्याकडे ड्रिप बसवणारा, माळी आणि गवंडी अशी स्वतःची जोडलेली माणसं असतात.

जागा ३०० फुटांच्या आत असेल आणि फरशी झालेली असेल, तर चांगला माळी आणि गावातला ड्रिप दुकानदार एवढं पुरतं. उगाच मोठा माणूस शोधू नका. हजार-दोन हजार फुटांचं काम, त्यात वाट, दिवे, पाणी निचरा असं सगळं असेल, तर चौथ्या प्रकारचाच माणूस हवा. बंगला अजून बांधून होत असेल तर त्याला गिलाव्याच्या आधीच एकदा जागेवर आणा.

तिसरी पायरी: शोधायचा कुठे

सगळ्यात चांगली जागा म्हणजे रस्ता. एप्रिल-मे मध्ये संध्याकाळी तुमच्यासारख्याच पाण्याच्या अडचणीत असलेल्या कॉलन्यांतून चालत फिरा. संभाजीनगरला राहत असाल तर सातारा-देवळाई भागात फिरा, जिथं टँकर ही सवयीची गोष्ट आहे. जिथं झाडं तजेलदार दिसतील तिथं गेटवर थांबून विचारा, “बाग कुणाकडून करून घेतली?” आपल्याकडची माणसं या प्रश्नाला दार लावत नाहीत, चहा पाजून सगळी कहाणी सांगतात, भांडणासकट.

दुसरी जागा ड्रिपची दुकानं. शेतकऱ्यांना ठिबक देणाऱ्या दुकानदाराला शहरातला कोण नीट फिल्टर बसवतो आणि कोण फिल्टरचे पैसे वाचवतो, हे पक्कं माहीत असतं. तिसरी जागा सरकारी रोपवाटिका: सामाजिक वनीकरणाच्या, कृषी विद्यापीठाच्या, आणि संभाजीनगरला हिमायतबागेतलं फळ संशोधन केंद्र. तिथले जुने माळी बाहेर खाजगी काम करणारे दोन-तीन खात्रीचे हात सांगतात.

नुसत्या इंटरनेटवरच्या स्टार आणि फोटोंवर जाऊ नका. ते फोटो बहुतेक लागवडीच्या आठवड्यातले असतात, आणि त्या आठवड्यात सगळ्यांचीच बाग सुंदर असते.

चौथी पायरी: पहिल्या भेटीत त्याला बोलू द्या

लातूरला औसा रोडवरच्या एका घरी मी अशा भेटीला हजर होतो. घरमालकांनी मोबाईलवर लॉनचं चित्र दाखवलं. बाग करायला आलेल्या मामांनी ते पाहिलं, फोन परत दिला आणि विचारलं, “भाऊ, उन्हाळ्यात नळ किती दिवसाला येतोय?” उत्तर ऐकून ते मागच्या बाजूला गेले, टाकीचं झाकण उघडून आत डोकावले, नळाखालच्या बादलीवरचा पांढरा थर नखानं खरवडून बघितला. “बोअरचं दिसतंय.” मग अंगणातली चिमूटभर माती घेतली, थुंकीनं ओली करून दोन बोटांत वळली. मातीची लांब वात झाली, तुटली नाही. “चिकट हाय. लॉन भिंतीपसून तीन फूट लांब घ्या, न्हाईतर घराच्या पायाला ओल लागंल.” झाडाचं नाव अजून निघालंच नव्हतं. काम त्यांनाच द्यावं, असं मी मालकांना तिथंच सांगितलं.

हा क्रम लक्षात ठेवा: पाणी, माती, उतार, ऊन, मग झाडं. जो माणूस येताच “साहेब, इथं रॉयल पाम, इथं कारंजं” असं सुरू करतो, तो वाईट असेलच असं नाही, पण त्याच्या मागं तुम्हाला सतत उभं राहावं लागेल.

त्याला काही गोष्टी मुद्दाम विचारा. काळ्या मातीत पेव्हर बसवताना खाली काय करता? बरोबर उत्तर असं: काळी माती फूट-दीड फूट काढून टाकायची, मुरूम भरायचा, थरावर पाणी मारून धुमसानं ठोकून बसवायचा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगा पाडते. तिच्यावर नुसती वाळू टाकून ब्लॉक मांडले तर पहिल्या दोन पावसाळ्यांत वाट लाटांसारखी होते. झाडं कुठून आणता, हेही विचारा. बरीचशी शोभेची झाडं आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून ट्रकनं येतात. किनारपट्टीच्या दमट हवेत वाढलेलं रोप थेट आपल्या कोरड्या उन्हात लावलं तर ते हाय खातं. आल्यावर निदान पंधरा दिवस जाळीच्या सावलीत ठेवून मग लावतो, असं तो स्वतःहून म्हणाला तर उत्तम.

आणि कोनोकार्पसबद्दल विचारा. भिंतीलगत पटकन हिरवा पडदा हवा म्हणून अजूनही तो सर्रास सुचवला जातो. त्याची मुळं पाइपलाइन आणि गटारात शिरतात. गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. कुंपणाला मेंदी, कण्हेर, तगर अशी चिवट झाडं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. (कण्हेर विषारी आहे, घरात लहान लेकरं किंवा गुरं असतील तर ती नको.) सावलीला कडुनिंब, करंज, बहावा, बकुळ, फळाला सीताफळ, आवळा, केसर आंबा. बीडचं सीताफळ आणि मराठवाड्याचा केसर यांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, ते या मातीत ही झाडं रुळली आहेत म्हणूनच. जो ठेकेदार ही नावं आनंदानं घेतो तो इथला आहे, असं समजा.

पाचवी पायरी: जुनं काम डोळ्यांनी बघा

त्याच्याकडून तीन पत्ते मागा: एक या वर्षीचं काम, एक दोन वर्षांपूर्वीचं, आणि एक जिथं काहीतरी बिघडलं आणि त्यानं दुरुस्त केलं. तिसरा पत्ता द्यायला कचरणारे पुष्कळ भेटतील. जो देतो, त्याच्यावर माझा विश्वास अर्धा तिथंच बसतो.

जाऊन काय बघायचं? फुलं बघू नका. ड्रिपच्या नळीची टोकं बघा. तिथं बंद करायची सोय आहे की नुसती नळी दुमडून बांधली आहे. फिल्टर बसवला आहे का, आणि मालकाला तो उघडून धुता येतो का. फरशीवर पाणी ओतून ते घराकडे येतं की घरापासून लांब जातं ते बघा. लॉनमध्ये लव्हाळा हे चिवट तण किती आहे ते बघा. घरमालकांना एकच प्रश्न विचारा: “पैसे पूर्ण दिल्यावर तो परत आला का?”

सहावी पायरी: कोटेशन

इथं वेळ घालवा, कारण बहुतेक भांडणं इथूनच जन्मतात. ‘गार्डन काम, एकूण इतके रुपये’ अशी एक ओळ लिहिलेला कागद घेऊ नका. उक्तं काम द्यायला हरकत नाही, पण आत काय काय आहे ते सुटं सुटं लिहिलेलं हवं.

माती ब्रासमध्ये मोजली जाते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. १,००० चौरस फुटांवर सहा इंच माती म्हणजे ५०० घनफूट, म्हणजे पाच ब्रास. कोटेशनमध्ये तीन ब्रास लिहिली असेल तर तो साडेतीन-चार इंचच टाकणार आहे. ‘चार ट्रॉली’ असा शब्द आला तर ट्रॉलीची लांबी, रुंदी, उंची टेपनं मोजा, कारण ट्रॉल्या सारख्या नसतात. आणि टाकलेली माती पाणी मारल्यावर बसते, म्हणून दर पाणी मारून बसलेल्या जाडीवर ठरवा. मुरूम आणि माती ही गौण खनिजं आहेत. त्यांच्या वाहतुकीला परवाना लागतो. परवान्याची जबाबदारी ठेकेदाराची, हे लिहून घ्या.

झाडांच्या पुढं नुसतं नाव आणि नग पुरत नाही. पिशवीचं माप इंचात, झाडाची उंची फुटात, आणि फळझाड असेल तर कलम की बी, एवढं हवंच. ‘आंबा, २ नग’ यात गुडघ्याएवढी कोयीची रोपंही बसतात आणि पाच फुटी केसर कलमंही. लॉनचा प्रकार लिहा, आणि ते गादीच्या तुकड्यांत येणार की काड्या टोचून लावणार तेही. टोचून लावलेलं स्वस्त पडतं, पण जमीन झाकायला दोन-तीन महिने लागतात आणि तोवर तण काढायची मजुरी कुणाची, हा प्रश्न उभा राहतो.

ड्रिपला मुख्य नळी, बारीक नळी, ड्रिपर किती लिटरचे, फिल्टर, व्हॉल्व्ह, टायमर असेल तर कंपनी, असं सगळं. जिवंत रोपांवर जीएसटी नाही, सेवेवर १८ टक्के लागतो. म्हणून बिलात रोपं आणि काम वेगळं दाखवायला सांगा. ज्यानं जीएसटी नंबर दिला असेल त्याचा नंबर सरकारी पोर्टलवर कुणालाही तपासता येतो. छोट्या माळ्याकडे नंबर नसेल तर बिघडत नाही, सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. पण नंबर नसताना जीएसटी लावला असेल तर तिथंच थांबा.

तीन कोटेशन घ्या आणि सगळ्यांना एकच मोजमाप द्या. सगळ्यात कमी भाव असेल तिथं माती आणि फिल्टर या दोन ओळी आधी वाचा.

सातवी पायरी: कागद आणि पैसे

काम छोटं असलं तरी दोघांच्या सह्यांचा एक कागद करा: काय काम, किती दिवसांत, कोणत्या टप्प्याला किती पैसे, कोणती झाडं मेली तर कोण बदलणार. शेवटच्या मुद्द्यावर माझा आग्रह आहे. पुढच्या उन्हाळ्याअखेरपर्यंत मेलेलं झाड तो बदलून देईल, पण पाणी देणं तुमच्या हातात असेल तर ते दिलंच पाहिजे, हेही लिहा. दोन्ही बाजूंना न्याय हवा.

उचल जास्त देऊ नका. सुरुवातीला एकूण रकमेच्या पाचव्या हिश्श्याइतकी पुरे. खोदकाम, मुरूम आणि ड्रिपची चाचणी झाल्यावर दुसरा हप्ता, लागवड झाल्यावर तिसरा, महिन्यानं चौथा. दहा टक्के पुढच्या उन्हाळ्याअखेरपर्यंत राखून ठेवा. सगळे तयार होत नाहीत. जो तयार होतो त्याचा स्वतःच्या कामावर भरवसा आहे.

त्याच वेळी हप्ता ठरलेल्या दिवशी द्या. मजुरांचा हिशेब आठवडी बाजाराच्या दिवशी होतो. ठेकेदाराच्या हातात पैसा नसला तर बाजारातून रिकाम्या हातानं परतते ती त्याच्याकडची मजूर बाई. ते आपल्या अंगणापायी होऊ नये.

आठवी पायरी: वेळ साधा

ठेकेदार मे लागता लागता निवडा, मे महिन्यातच खोदकाम, मुरूम, पाइप, फरशी उरका, आणि मिरगाचा पाऊस नीट पडून जमीन भिजली की लागवड करा. जून ते ऑगस्ट हा लावणीचा काळ. मे मध्ये लॉन अंथरून देतो म्हणणाऱ्याला हात जोडा.

मजुरांचं वेळापत्रक शेतीवर चालतं हे बाहेरून आलेल्यांना ठाऊक नसतं. जूनमध्ये पेरणी, दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची काढणी, नंतर कापसाची वेचणी. या दिवसांत शहरातल्या कामाला माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर रोजंदारी वाढवून मागतो. ते रास्तच आहे. बीड, धाराशिवकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्यातच परततात. म्हणून ‘दिवाळीच्या आधी बाग तयार हवी’ असं ठरवून सप्टेंबरात काम सुरू केलं तर ते रखडणार, ठेकेदार कितीही चांगला असो.

नववी पायरी: काम चालू असताना काय बघायचं

पहिल्या दिवशी हजर राहा. नव्या घराच्या अंगणात वरच्या मातीखाली विटांचे तुकडे, सिमेंटचे गठ्ठे, चुना, पत्र्याचे तुकडे पुरलेले असतात. पहार घेऊन पाच-सहा ठिकाणी ठोकून बघा. सहा इंचांवर ठक्क आवाज आला तर ते रबिश उचलल्याशिवाय लाल माती टाकू देऊ नका. आवाज कातळाचा असेल तर मोठ्या झाडाची जागा बदला.

मोठ्या झाडाचा खड्डा झाला की त्यात बादलीभर पाणी ओतून दुसऱ्या दिवशी बघा. पाणी तसंच साचलेलं असेल तर तिथं निचरा नाही. चिकट काळ्या मातीत खड्डा करून त्यात लाल माती भरली की पावसाळ्यात पाणी आतच कोंडतं आणि मुळं कुजतात. अशा ठिकाणी तळ फोडून मुरमापर्यंत जायला सांगा, किंवा झाड उंचवट्यावर लावायला सांगा.

आलेली माती मुठीत घेऊन चोळा. काळे, सुपारीपेक्षा लहान कंद सापडले तर तो लव्हाळा. ती ट्रॉली परत पाठवा. एकदा लव्हाळा किंवा कुंदा लॉनमध्ये शिरला की वर्षानुवर्षं निघत नाही. शेणखताचा वास घ्या. कुजलेल्या खताला शेणाचा वास येत नाही आणि हात आत घातला तर गरम लागत नाही. कच्चं खत म्हणजे वाळवी आणि हुमणी अळीला आमंत्रण. रोपाची पिशवी फाडली की मुळं बघा. तळाशी मुळांचं वेटोळं झालं असेल तर ते रोप पिशवीत फार दिवस राहिलेलं आहे. कलमाचा सांधा जमिनीच्या वर राहिला पाहिजे.

ड्रिपची नळी झाकण्याआधी पाणी सोडून प्रत्येक ड्रिपर ठिबकतो का ते फिरून बघा, आणि उघड्या पाइपांचे टेप शेजारी ठेवून फोटो काढा. पुढं कुणी खिळा किंवा पहार मारली तर हे फोटोच वाचवतात. जागेवर जुनं झाड असेल तर ते परस्पर तोडू देऊ नका. शहरी हद्दीत १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी घ्यावी लागते, आणि खरं तर मोठ्या झाडाभोवती बाग आखणं हेच चांगल्या ठेकेदाराचं काम.

मजुरांना सावली आणि प्यायला थंड पाणी द्या. मे महिन्यात दुपारी बारा ते चार काम बंद ठेवायला तुम्हीच सांगा.

बिनसलं तर

आधी फोनवर नव्हे, जागेवर बोलावून बोला. फोटो आणि सह्यांचा कागद समोर ठेवा. बहुतेक प्रकरणं इथंच मिटतात. नाही मिटलं तर लेखी नोटीस द्या. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. बिल आणि हप्त्यांचे ऑनलाइन व्यवहार जपून ठेवले असतील तर तिथं उपयोगी पडतात. रोख दिलं असेल तर पावती घ्या, निदान वहीवर सही.

काम संपल्यावर

पहिलं वर्ष देखभालीचं काम शक्यतो त्याच माणसाकडे द्या. महिन्याच्या पैशात काय काय येतं ते ठरवून घ्या: पावसाळ्यात तण, हिवाळ्यात छाटणी, उन्हाळ्यात आठवड्याला दोन फेऱ्या. फिल्टर दर आठवड्याला धुवायचा आणि महिन्यातून एकदा ड्रिपच्या टोकांचे बूच काढून गढूळ पाणी वाहू द्यायचं, हे त्याच्याकडून स्वतः शिकून घ्या. बोअरच्या क्षारांनी ड्रिपर बुजले तर ते कसे साफ करायचे, तेही त्यालाच विचारा. फेब्रुवारीअखेर झाडांच्या बुडाशी सोयाबीनचं भुसकट किंवा उसाचं पाचट तीन-चार इंच पसरायला सांगा, खोडापासून जरा लांब. ओल टिकते आणि पाण्याच्या दोन पाळ्यांमधलं अंतर वाढवता येतं.

राखून ठेवलेले दहा टक्के जूनमध्ये द्या. देण्याआधी त्याच्यासोबत अंगणात एक फेरी मारा, मेलेली झाडं मोजा आणि पाऊस पडून जमीन भिजली की ती बदलून घ्या.